ऑफिसात फायरवॉल कशी बसवावी : नवशिक्यांसाठी, मानपानासह

ऑफिसातला रुसलेला प्रिंटर ज्याच्या हातून एकदा चालू होतो, त्याच्याकडे पुढच्या सोमवारपासून 'नेटवर्क सिक्युरिटी' सोपवली जाते. पगार तोच राहतो, खोका मात्र नवा येतो. तुमच्या टेबलावर असा खोका आला असेल तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. डिग्री, सर्टिफिकेट आणि हाताखाली दोन माणसं असलेल्यांनी ते वाचू नये. त्यांच्या चुका महागड्या असतात, तुमच्या चुका बजेटमध्ये बसवायच्या आहेत.

खोका उघडावा. आत फायरवॉल, एक अ‍ॅडॉप्टर आणि मराठी सोडून बऱ्याच भाषांत छापलेली पुस्तिका निघते. मागच्या बाजूला एका सॉकेटवर 'वॅन' लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरचं जग. बाकीच्यांवर 'लॅन', म्हणजे आपली माणसं. इंटरनेटची केबल वॅनमध्ये घालावी, ऑफिसच्या स्विचची लॅनमध्ये. उलट घातली तर फायरवॉल आपल्या ऑफिसपासून जगाचं रक्षण करू लागते. काही ऑफिसांच्या बाबतीत तेही करण्यासारखं आहे, पण त्याचं बिल कोणी पास करत नाही.

मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकावं, किंवा खालच्या स्टिकरवर जो पत्ता असेल तो. युजरनेम 'अ‍ॅडमिन', पासवर्ड 'अ‍ॅडमिन'. आत शिरल्याबरोबर पासवर्ड बदलावा. ही सूचना पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर असते, त्यामुळे ती कोणाच्या नजरेस पडत नाही. २०१६ साली मिराई नावाचा एक मालवेअर अशाच न बदललेल्या पासवर्डांवर पोसला गेला. त्याच्याकडे युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती, बस. ती घेऊन तो जगभरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांत, डीव्हीआरमध्ये आणि राउटरमध्ये शिरला, आणि ऑक्टोबरात या उपकरणांनी मिळून डाइन या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, एवढा मारा केला की अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्सही उघडेनात. तेव्हा पासवर्ड बदलावा. बदललेला कीबोर्डखाली चिकटवू नये, तिथे आधीच अकाउंट्सचा चिकटवलेला असतो.

आता नियम. फायरवॉल म्हणजे मुळात नियमांचा तक्ता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटचं, म्हणजे डेटाच्या पुडक्याचं, ती एवढंच बघते : कुठून आलं, कुठे चाललं, कोणत्या पोर्टवर. पोर्ट ६५ हजारांहून अधिक आहेत, तुम्हाला चार-पाचच लागतील. वेबसाठी ८० आणि ४४३, साइटच्या नावावरून पत्ता शोधायला ५३, आणि दुरून मशीन चालवायची फारच हौस असेल तर २२. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तो चालतो, त्याच्याखालच्यांना कोणी विचारत नाही. तक्त्याच्या तळाला शेवटचा नियम असतो : वरच्यांत जे बसलं नाही ते सगळं बंद. चांगली फायरवॉल शिवाय लक्षातही ठेवते की आतून कोणी काही मागितलं होतं का. मागितलं असेल तर त्याचं उत्तर आत येऊ देते. न मागता कोणी उत्तर घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवते.

पहिल्या दिवशी हा तक्ता सात-आठ ओळींचा असतो. त्याचा फोटो काढून ठेवावा. तो इतका देखणा पुन्हा कधीच दिसणार नाही.

कारण दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन येतो. त्यांच्या लॅपटॉपवर मॅचचा स्कोअर उघडत नसतो. तुम्ही कारण शोधायला बसता, साहेबांना कारण नको असतं. मग साहेबांच्या लॅपटॉपसाठी एक नियम लिहिला जातो : कुठूनही, कुठेही, काहीही, चालेल. तळाशी टाकला तर तो चालत नाही म्हणून सगळ्यांच्या वर टाकावा लागतो. मानाचं पान तसंही वरच असतं. तिसऱ्या दिवशी अकाउंटिंग सॉफ्टवेअरवाला म्हणतो, 'घरूनच बघतो, रिमोट डेस्कटॉप उघडून द्या, दोन दिवसांसाठी.' त्याचं पोर्ट ३३८९. ते 'फक्त त्याच्याच पत्त्यावरून' उघडायचं असतं, पण त्याचा पत्ता रोज बदलतो, म्हणून अख्ख्या जगाला उघडलं जातं. चौथ्या दिवशी मालकांना घरबसल्या गोदामाचा कॅमेरा बघायचा असतो.

या नियमांना नावं काय द्यावीत याबद्दल नवशिक्यांचा गोंधळ होतो. प्रचलित नावं अशी : 'टेंप', 'टेंप २', 'टेंप नवा', 'टेस्ट', 'काढू नये' आणि 'काढू नये, साहेबांना विचारा'. शेवटच्या नावातले साहेब निवृत्त झालेले असावेत. नियमाशेजारी शेरा लिहायची जागा असते, ती कोरी ठेवण्याची परंपरा आहे. तुम्ही ती मोडावी. कोणी मागितलं, कशासाठी, कधीपर्यंत, हे तीन शब्दांत लिहिलं तरी पुष्कळ. यात मागणाऱ्याचं नाव सगळ्यात महत्त्वाचं, कारण नाव लिहिलं जाणार म्हटल्यावर निम्म्या मागण्या आपोआप मागे घेतल्या जातात.

थोडक्यात, फायरवॉल ओळख मानत नाही आणि आपलं ऑफिस ओळखीवरच चालतं. ही अडचण आपल्याकडचीच आहे असं मात्र समजू नये. १९८८ पर्यंतचं इंटरनेट म्हणजे विद्यापीठं आणि प्रयोगशाळांतल्या ओळखीपाळखीच्या लोकांचा कारभार होता. एक मशीन दुसऱ्याला 'हा आपल्यातलाच' म्हणून पासवर्ड न विचारता आत घेई. त्या वर्षी २ नोव्हेंबरला कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक वर्म, म्हणजे मशीनमागून मशीन आपोआप पसरणारा प्रोग्राम, सोडला. त्याने काही प्रोग्रामांतल्या चुका वापरल्या, सोपे पासवर्ड ओळखले आणि हा शेजारधर्मही वापरला. हजारो मशीन ठप्प झाली. विद्यार्थ्याचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत कॉम्प्युटर सुरक्षेचेच मोठे शास्त्रज्ञ होते, म्हणजे ओळखीत तिथेही काही कमी नव्हती. त्यानंतरच्या काही वर्षांत फायरवॉल हा प्रकार संशोधकांच्या निबंधांतून निघून दुकानात आला.

चाचणी कशी करावी? घरून करू नये. घरी रात्री चहा घेत शांतपणे नियम बदलायला बसलेला माणूस शेवटी 'सेव्ह' दाबतो, आणि ज्या पोर्टमधून तो आत आलेला असतो तेच बंद होतं. फायरवॉलचं काहीच चुकलेलं नसतं. तिला बाहेरच्यांना आत घेऊ नको म्हणून सांगितलेलं असतं आणि त्या क्षणी बाहेरचे तुम्ही असता. मग रात्री साडेअकराला स्कूटर काढून ऑफिस गाठणं आणि रखवालदाराला आपली ओळख पटवणं एवढंच उरतं. काही फायरवॉलमध्ये अशी सोय असते की बदल दहा मिनिटांत पक्का केला नाही तर जुना तक्ता आपोआप परत येतो. ती वापरावी. नसेल तर स्कूटरमध्ये पेट्रोल ठेवावं.

लॉग, म्हणजे फायरवॉलची नोंदवही, पहिल्यांदा उघडताना खुर्चीत नीट बसावं. फायरवॉल चालू होऊन तास झाला नाही तोच जगाच्या कानाकोपऱ्यातून कोणीतरी तुमची २३, २२, ४४५, ३३८९ ही पोर्ट ठोठावून गेलेलं दिसेल. नवशिके इथे हबकतात आणि साहेबांना सांगतात की आपल्यावर परदेशातून हल्ला झाला आहे. तसं काही नसतं. प्रोग्राम सगळ्या जगाचे पत्ते ओळीने तपासत फिरत असतात, त्यात तुमचाही नंबर लागतो. साहेबांना हा लॉग फक्त बजेटच्या आदल्या दिवशी दाखवावा. टाकून मात्र देऊ नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि काही घडलं तर कळल्यापासून सहा तासांत तिला कळवायचं असतं. या सहापैकी दोन तास 'साहेबांना कोण सांगणार' यात जातात, ते आधीच हिशेबात धरावेत.

४४५ बद्दल थोडं जास्त. हे विंडोजमध्ये फायली शेअर करण्याचं पोर्ट. ते बाहेरच्या जगाला उघडं ठेवण्याचं एकही कारण मला आजवर पटलेलं नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा मालवेअर याच वाटेने पसरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कॉम्प्युटर बंद पडून रुग्णांच्या तारखा रद्द कराव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती. 'अपडेट नंतर करू' या बटणाचा तो सगळ्यात मोठा विजय म्हणायला हरकत नाही.

पण अपडेट केलं म्हणजे सुटलो असंही नाही. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचा मालवेअर आला, तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच लपून. फायरवॉलने तो अडवायचा कशाला? अपडेट ओळखीच्या सर्व्हरवरून येत होतं. एकदा आत आल्यावर तो मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमधून देशोदेशी गेला आणि त्याच दिवशी आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचं कामही अडकलं. कंटेनर होते, क्रेन होत्या, कुठला कंटेनर कुणाचा ते सांगणारी यंत्रणा तेवढी नव्हती. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्याने उभे करावे लागले. सगळ्या नेटवर्कची हजेरी ठेवणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत शाबूत सापडली, घानात. तिथली वीज गेलेली होती म्हणून ते मशीन बंद होतं. भारनियमनाला इतकी वर्षं शिव्या देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

म्हणून आतल्या आतही भिंती घालाव्यात. अकाउंट्स वेगळं, कॅमेरे वेगळे, पाहुण्यांचं वायफाय अगदीच वेगळं. कॅमेऱ्याला टॅलीच्या सर्व्हरशी बोलण्याचं काहीही कारण नसतं. यूपीएनपी नावाची सोय बंद करावी. तिच्यामुळे ऑफिसातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता स्वतःसाठी बाहेरून पोर्ट उघडून घेतं, म्हणजे साहेबांचा फोनसुद्धा येत नाही.

बाहेर जाणाऱ्या वाहतुकीकडे कोणी बघत नाही. 'आतला आहे, जाऊ दे.' पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून. प्रत्येक एटीएमने नियमाप्रमाणे विचारलं होतं, पैसे देऊ का? 'द्या' हे उत्तर बँकेच्या खऱ्या यंत्रणेने दिलंच नाही, मध्ये उभ्या केलेल्या बनावट यंत्रणेने दिलं. तेव्हा तुमचा बिलिंगचा कॉम्प्युटर रात्री तीनला दूरच्या कुठल्यातरी अनोळखी पत्त्याशी गप्पा मारत असेल तर त्याला थांबवणारा एक नियम बाहेरच्या दिशेनेही लिहावा. ४४३ वर आत काय चाललं आहे ते फायरवॉलला सहसा वाचता येत नाही, सगळं कुलूपबंद असतं. कोणाशी, किती आणि केव्हा, एवढं मात्र दिसतं, आणि संशयी माणसाला एवढं पुरतं.

राहिली तक्त्याची साफसफाई. वर्षभरात सात ओळींच्या सत्तर झालेल्या असतात. 'टेंप २' कोणाचा, हे विचारायला गेलात तर सगळे 'असू दे' म्हणतील, म्हणून विचारू नये. नियम पुसूही नये, नुसता बंद करावा आणि कोण ओरडतं ते बघावं. शुक्रवारी करू नये. पगाराच्या आणि जीएसटीच्या दिवशी करू नये. मंगळवारी सकाळी अकराला, चहा येऊन गेल्यावर, बरं पडतं. एका वेळी एकच. कोणी ओरडलं तर नियम परत चालू करून शेऱ्यात त्याचं नाव लिहावं, इतके दिवस मालक नसलेल्या नियमाला मालक सापडला. कोणीच ओरडलं नाही तरी घाई करू नये, काही नियम वर्षातून एकदाच लागतात. ३१ मार्च उलटू द्यावा. मग काढून टाकावा, मात्र जुन्या तक्त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी, कारण ऑडिटर एप्रिलनंतर येतात आणि 'टेंप २' उघडल्याशिवाय त्यांचा रिपोर्ट पूर्ण होत नाही.