साहेब बाहेरचे, पोरं इथली

अहो, ऐकलंत का? काल गणपतीच्या मंडपात आपल्या रिटायर्ड हवालदारांनी काय तमाशा केला! गडचिरोलीच्या एसपींच्या बदल्यांचा विषय निघाला, तर हे पिंक टाकून ठणकावतात, "ज्यानं एटापल्ली-भामरागडचा एक पावसाळा काढला नाही, त्यानं त्या खुर्चीत बसूच नये. दिल्लीची परीक्षा पास झाला म्हणून जंगल कळते काय जी?"

मास्तरीणबाई काय गप्प बसतात! चष्मा वर सारून हळूच म्हणाल्या, "मग १९९० मध्ये नक्षल्यांशी लढणारी सी-सिक्स्टी कोणी उभी केली, भाऊ?" अहो, चेहरा असा पडला ना त्यांचा... जन्मभर ती उभी करणाऱ्या के. पी. रघुवंशीसाहेबांचंच तर गुणगान गातात! आणि ते साहेब आपल्या झाडीपट्टीतले थोडेच? बाहेरून आलेले एसपीच. पण डोकं बघा, गोंडी-माडिया बोलणारी, नाल्यानाल्याची वाट ठाऊक असलेली इथलीच पोरं हेरली त्यांनी. पुढे मुंबईत २६/११च्या हल्ल्यात हेमंत करकरे गेल्यावर एटीएसही त्यांनीच सांभाळली.

तर काय सांगत होते... हां, मधेच बँकवाले भाऊजी घुसले. म्हणाले, खुर्चीसाठी अनुभवाचा वाद काय फक्त इथलाच? सुबोध जयस्वाल २०२१ मध्ये सीबीआयचे डायरेक्टर झाले, तर एक रिटायर्ड एसीपी थेट हायकोर्टात! म्हणे, भ्रष्टाचाराच्या तपासाचा अनुभव कुठाय यांना? कितीतरी वर्षं तर 'रॉ'त गेली. आता तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्याचा जयस्वालांनी केलेला तपास ते एसीपी विसरले की काय, देव जाणे. तरी मला विचाराल तर त्या एसीपींचं अगदीच चुकलं असं नाही हं. हेरगिरी वेगळी, कागद खणून लाचखोर पकडणं वेगळं. विचारलं तर बिघडलं कुठे?

पण खरी बोलली ती भरतीची तयारी करणारी धानोऱ्याकडची पोरगी. प्रसादाची वाटी हातात धरून म्हणते कशी, "बाहेरचा साहेब चालते जी. पण माडिया बोलणारा पोरगा पार्टी कमांडरच्या वर कधी जाईल? एसपी कधी होईल?" सगळे एकदम द्रोणात बघायला लागले. हवालदार तर उठून चपलाच शोधायला गेले!

आणि आता हे कोणाला बोलू नका... त्यांचा नातू पुण्याला यूपीएससीच्या क्लासला आहे. सून सांगत होती, फी आजोबांनीच भरली. पीएफमधून!