अजून कंडम नाही

मोटारीची ठराविक अंतराने करावयाची देखभाल, जिला सर्वत्र ‘सर्व्हिसिंग’ म्हणतात, ती करवून घेण्याचे कामठीत दोन मार्ग आहेत, आणि तेथील मोटारमालकांची विभागणी पक्ष किंवा पंथ यांपेक्षा या दोन मार्गांवरून अधिक काटेकोरपणे करता येते. पहिला मार्ग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा, ज्याला तेथे नवी गाडी विकत मिळत नसली तरी कामठीकर ‘शोरूम’च म्हणतात, दुसरा मार्ग टिनाच्या शेडखालील गॅरेजचा, जेथे काळवंडलेल्या हातांचा एक उस्ताद, दोन पोरे, एक जॅक आणि चहाचे कायम अर्धे भरलेले ग्लास एवढ्या सामग्रीवर मोटारी बऱ्या होतात. दोन्हीकडे सारख्याच नेमाने जाणारा आणि दोन्हीकडे सारखाच नकोसा वाटणारा तिसरा एक वर्ग मात्र या विभागणीत बसत नाही. त्याची ओळख पटवण्यास वाचकांना श्रम पडू नयेत, कारण असा एक गृहस्थ प्रत्येक गल्लीत असतो, त्याला सगळे ‘काका’ म्हणतात आणि त्याच्या हातात एक कापडी पिशवी असते.

पिशवीचे प्रयोजन प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मोटारीचा एखादा भाग बदलला गेला की काढलेला जुना भाग मालकाचा असतो, हे तत्त्व सर्वांना मान्य असले तरी ते अंमलात आणणारे काका बहुधा एकटेच असावेत. शोरूममध्ये बिल हातात पडल्यावर इतर ग्राहक एकूण रक्कम पाहतात, सुस्कारा टाकतात आणि कार्ड पुढे करतात, काका रकमेकडे पाहतही नाहीत, ते पिशवीचे तोंड उघडून धरतात आणि विचारतात, “बाळा, जुना पार्ट कुठी आहे?” एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, वायपरचे रबर असे जे जे बदलले असेल ते पिशवीत पडल्याशिवाय पैसे काउंटरवर पडत नाहीत. एकदा त्यांनी जुने इंजिन ऑइलही मागितले होते, आणि ते पिशवीत मावणार नाही हे लक्षात येताच डबकी आणण्यासाठी ते घरी जाऊन परत आले होते.

या सवयीचे मूळ कामठीच्या इतिहासात शोधावे लागते. कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी 1821 साली येथे लष्करी छावणी वसवली, ‘कॅम्प टी’ या शब्दांवरून गावाचे नाव पडल्याची आख्यायिका अजून सांगितली जाते, आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आजही तेथे आहे. अशा गावात लष्करी भांडारातून सेवानिवृत्त झालेले नागरी कर्मचारी पुष्कळ असतात आणि काका त्यांपैकीच एक. फाटका तंबू, तुटकी बादली, झिजलेला झाडू समोर ठेवल्याशिवाय नवी वस्तू द्यायची नाही, आणि समोर ठेवलेली वस्तू खरोखरच निकामी झाली आहे याची खात्री पटल्यावरच तिच्यावर ‘कंडम’चा शेरा मारायचा, हे काम त्यांनी तीन दशके केले. ‘कंडम’ हा शब्द इंग्रजी कार्यालयातून मराठी घरात आला आणि भंगार, नालायक, कामातून गेलेला अशा सर्व अर्थांनी रुळला. परंतु काकांच्या तोंडी त्याला अद्याप न्यायालयीन वजन आहे. निवृत्तीनंतर भांडार सुटले, शेरा मारण्याचा अधिकार मात्र त्यांनी सोडला नाही. पिशवीतील प्रत्येक भाग ते घरी अंगणातल्या उजेडात धरतात, नखाने खरवडतात, हुंगतात आणि दहापैकी नऊ वेळा एकच निर्णय देतात: “हा अजून कंडम नव्हता.”

त्यांचा तक्रारीचा मुद्दा सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही. अधिकृत केंद्रात पहिल्या तीन सर्व्हिसिंग ‘फ्री’ असतात असे म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ मजुरी फुकट एवढाच असतो. तेल, फिल्टर आणि किरकोळ साहित्य यांचे पैसे पडतातच. त्यानंतर साधारणतः दर दहा हजार किलोमीटरला किंवा दर वर्षाला, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, मोटार तेथे जाते आणि सर्व्हिस ॲडव्हायझर नावाचा इस्त्रीच्या शर्टातील तरुण ‘जॉब कार्ड’ भरतो. जॉब कार्ड म्हणजे करावयाच्या कामांची यादी, आणि ही यादी मालकाने न सांगितलेल्या कामांनी वाढत जाते, हा तिचा मुख्य गुणधर्म होय. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची सफाई. एसी डिसइन्फेक्शन, म्हणजे थंड हवेच्या वाटेवर सुवासिक फवारा. इंजिन ड्रेसिंग, म्हणजे बॉनेटखालच्या प्लास्टिकला चमक: यांपैकी पहिले काम कधीतरी गरजेचे असते, दुसरे हौसेचे आणि तिसरे निव्वळ लग्नघरातले. तेलाच्या डब्यावरील ‘5डब्ल्यू-30’ या संज्ञेतील डब्ल्यू म्हणजे विंटर, म्हणजेच थंड इंजिन सुरू होताना तेल किती पातळ राहते त्याचा निर्देश, हे ॲडव्हायझरने एकदा काकांना सौजन्याने समजावून सांगितले. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भाजून निघणाऱ्या कामठीत विंटरचे पैसे कशासाठी, ते वजा करून बिल द्यावे, अशी मागणी काकांनी तत्काळ केली आणि ती मागे घेण्यास त्यांना अर्धा तास लागला.

पिशवीत जुन्या भागांखेरीज एक घडी केलेला कागदही असतो. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्या आदेशाविषयीच्या बातमीची ती झेरॉक्स आहे. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, तसेच बाहेर काम केल्यास वॉरंटी सरसकट रद्द करण्याची भीती घालणे, ही बाजारातील कोंडी असल्याचे आयोगाने म्हटले होते. बाहेरच्या कामातील चुकीने जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा त्याचा रोख होता. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाचा वाद लांबत राहिला, पण काकांच्या दृष्टीने निकाल कायमचा लागलेला आहे. “बाहेर हात लावला तर वॉरंटी जाते सर,” असे एखादा ॲडव्हायझर म्हणतो तेव्हा तेलकट फिल्टराखालून ती झेरॉक्स बाहेर येते. आदेश निघाला तेव्हा प्राथमिक शाळेत असलेला तो तरुण ती दोन बोटांनी धरतो, वाचल्यासारखे करतो आणि मॅनेजरला बोलावतो. मॅनेजर काकांना पाहून दुसऱ्या दाराने जेवायला जातो.

यावरून काका स्वतंत्र गॅरेजचे कैवारी असावेत असा समज होईल, परंतु तेथेही पिशवी उघडीच असते. उस्तादाने बसवलेला भाग कंपनीच्या खोक्यातील आहे, कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याच्याच दुसऱ्या खोक्यातील आहे, की दोघांशीही सोयरसुतक नसलेला डुप्लिकेट आहे, हे ठरवण्यासाठी ते जुन्यासोबत नव्याचे खोकेही मागतात. गॅरेजवाला बिल देत नाही, दिले तर सिगारेटच्या पाकिटामागे देतो, आणि तेल कोणत्या पिंपातून आले ते सांगत नाही, म्हणून काका तेल स्वतः विकत आणतात. चाळीस रुपयांनी स्वस्त फिल्टर मिळवण्यासाठी ते ऑटोने ऑटोमोटिव्ह चौक गाठतात, तेथून मेट्रोने सीताबर्डीला जातात, तीन दुकाने पालथी घालतात आणि येताना ऊन लागले म्हणून उसाचा रस पितात. या प्रवासाचा हिशेब मात्र वहीत मांडला जात नाही. 22 सप्टेंबर 2025 रोजी सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी ते आधीच्या महिन्याचे बिल घेऊन फरक मागण्यास शोरूममध्ये हजर होते.

घरी या साऱ्याचा साठा माळ्यावर आहे. पहिल्या मारुती 800 पासूनचे भाग गोणपाटात बांधून, चिठ्ठ्या लावून ठेवलेले आहेत. ही छोटी गाडी 1983 च्या डिसेंबरात बाजारात आली आणि काकांसारख्या पगारदाराला मोटार नावाची वस्तू प्रथमच आवाक्यात वाटू लागली. त्यांनी मात्र ती पुष्कळ उशिरा आणि जुनीच घेतली. नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यावर तिचे नूतनीकरण त्यांनी एकदा केले. पुढे 1 एप्रिल 2022 पासून त्या नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झाले आणि गाडी भंगारात गेली. ती ओढून नेली जात असताना काका घराबाहेर आले नाहीत. “अजी, माळा पडन ना एखाद्या दिवशी,” असे काकू दर दिवाळीच्या सफाईला म्हणतात, परंतु खंडेनवमीला पाना-पकडीसोबत गोणपाटातील एक झिजलेली क्लच प्लेट पाटावर मांडली जाते आणि तिला हळद-कुंकू काकूच वाहतात.

त्यांचा उपयोग होतो, ही गोष्ट गल्ली सहसा कबूल करीत नाही. शेजारच्या एका विधवा शिक्षिकेच्या मोटारीत खड्ड्यावरून जाताना खडखड येत होती आणि एका सर्व्हिस सेंटरने सस्पेन्शन, म्हणजे चाके व सांगाडा यांमधील धक्के झेलणारी सारी रचना, बदलण्याचे अठरा हजारांचे एस्टिमेट दिले होते. बाईंनी दागिना मोडण्याची भाषा केली तेव्हा काका पिशवी घेऊन निघाले. उस्तादाच्या शेडमध्ये त्यांनी गाडी जॅकवर चढवली, स्वतः चटई टाकून खाली सरकले आणि अर्ध्या तासाने एक सैल झालेला लिंक रॉड हातात घेऊन बाहेर आले. खर्च काही शेकड्यांत आटोपला. बाईंनी दिलेले पेढ्यांचे खोके त्यांनी घेतले नाही, लिंक रॉड तेवढा घेतला. हा खरोखरच कंडम होता, असे त्यांनी गल्लीत चार ठिकाणी सांगितले, कारण असा निर्णय देण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते.

उस्ताद आता थकला आहे. शेड दुपारनंतर उघडत नाही, नव्या मोटारी संगणकाला जोडल्याशिवाय आपले दुखणे सांगत नाहीत आणि ते यंत्र घेण्याचे त्याचे वय राहिलेले नाही. त्याच्याकडे पाने पुसत वाढलेला पोरगा कामठी रोडवरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये राखाडी गणवेश घालून नोकरीला लागला. अशा केंद्रांत ग्राहकाला एसीच्या खोलीत बसवतात आणि एका मोठ्या काचेतून आपली गाडी रॅम्पवर चढलेली दाखवतात. काचेतून गाडी दिसते, तिच्याशी काय केले जाते ते दिसत नाही. गेल्या खेपेस जॉब कार्डवर पुढचे ब्रेक पॅड बदलण्याचे काम लिहिले होते. काका पिशवी मांडीवर ठेवून काचेसमोर बसले होते. पोराने चाक उतरवले, पॅड काढला, कापडाने पुसला आणि ॲडव्हायझरकडे न जाता काचेपाशी येऊन काकांसमोर आडवा धरला. घर्षणाचा थर तीनेक मिलिमीटर उरला की पॅड बदलतात. येथे तो त्याच्या दुपटीहून जाड होता. पोराने त्याच्यावर अंगठा ठेवला आणि मान हलवली. काकांनीही हलवली. पॅड पुन्हा जागेवर गेला आणि जॉब कार्डावरील ती ओळ खोडली गेली.

त्या दिवशी पिशवी रिकामी घरी आली. काकूंनी ती उलटी करून झटकली, आत पाहिले, आणि काकांच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते बघितले.