‘आवाज वाढव!’ म्हणणाऱ्या मान्यवरांस

जोयडा तालुक्यातील, म्हणजे जुन्या माणसांच्या सुपा तालुक्यातील, आमच्या जत्रेच्या नाट्यसमितीचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि साउंडवाल्याच्या पाठीमागे उभे राहून ‘आवाज वाढव!’ असा सल्ला देणारे सर्व मान्यवर यांस,



यंदाच्या नाटकाच्या ध्वनिव्यवस्थेबद्दल आपले जाहीर अभिनंदन. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या छातीत नाटक धडधडलं, मधल्यांना खलनायकाचा खर्ज सोडून बाकी सगळं ऐकू आलं आणि मागच्यांनी मूकनाट्य पाहिलं. एका वर्गणीत तीन नाटकं दाखवणारी समिती या घाटात दुसरी नसावी.

बालगंधर्वांनी 1913 साली गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा लाउडस्पीकर जाहीरपणे लोकांसमोर यायचाच होता. तो आला 1915 च्या डिसेंबरात, तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत. म्हणजे आपल्या नटांची पदं पोचवायला गळ्यावाचून काही नव्हतं. आज आपल्याकडे फ्लेक्सवर छापलेले दहा हजार वॅट आहेत. या वॅटांचा आपल्याला केवढा अभिमान! पण दहा हजारांचे वीस हजार केले तरी वाढतात फक्त तीन डेसिबल. कानाला जेमतेम जाणवावेत एवढेच. उलट मोकळ्या शेतात, जिथे आवाज परतवायला भिंत नाही, तिथे अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात. जमिनीवर ठेवलेल्या पेट्यांचा आवाज पहिल्या रांगेतल्या शालींमध्येच मुरतो. पेट्या माणसाच्या डोक्यावर चढवल्या असत्या तर मागच्यांनाही शब्द मिळाले असते. पण मग त्यांच्यासमोर हार घातलेल्या समया कुठे ठेवायच्या, हाही प्रश्नच.

मागच्यांसाठी आपण भज्यांच्या गाड्याजवळ जादा पेटी लावलीत, ही तर प्रतिभाच. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो आणि तारेतून जाणारी वीज कुणासाठी थांबत नाही. रंगमंच तिथून 34 मीटरवर असेल तर मागच्या पेटीतला शब्द सेकंदाचा दहावा भाग आधी निघतो. त्यामुळे नायिका रडली रंगमंचावर आणि हुंदका आला कढईतून. लोक मान वळवून गाड्याकडे पाहत होते, ते भज्यांसाठी नव्हे. मिक्सरवर त्या पेटीला तेवढाच उशीर देता येतो. काही मिक्सरांत ती सोय असते, वापरायची फक्त इच्छा लागते.

आता खलनायकाच्या खर्जाकडे वळतो, कारण हे प्रकरण खरोखर सुंदर आहे. दोन पेट्या, दोन्ही ठणठणीत. पण एकीच्या तारेत अधिक-उणे उलट जोडलेलं. म्हणजे एकीचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो, आणि बरोबर मध्ये बसलेल्या माणसापाशी जाड स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. बाजूला दहा पावलं सरकलं की खर्ज परत येतो. मी तसा सरकलो, तर आपल्या स्वयंसेवकाने मला बायकांच्या बाजूला गेल्याबद्दल हटकलं. खात्री करायची तर एक पेटी बंद करायची. एक बंद केल्यावर खर्ज वाढला, तर तार उलटी आहे, झालं. आपण मात्र खर्ज कमी म्हणून खर्जाचं बटण फिरवत राहिलात. पेट्या जास्त जोराने एकमेकींना खाऊ लागल्या.

‘येतो-जातो’ या आजाराचं मूळही सांगून ठेवतो. पावसाळाभर केबलींचं भेंडोळं ओल्या खोलीत पडून असतं. या तालुक्यात ओल म्हणजे काय ते आपल्याला मी सांगायला नको. पिनांवर हिरवट थर चढतो, आतलं सोल्डर सुटतं, वर रात्रीचं दव. मग कुणी केबलवरून चालत गेलं की संवाद बंद, परत आलं की चालू. शोध घ्यायची रीत इतकी साधी आहे की तिला कुणी किंमत देत नाही. अँप बंद करायचा, डाव्या-उजव्या पेटीच्या केबली अदलाबदल करायच्या, पुन्हा गाणं लावायचं. बिघाड पलीकडच्या पेटीत गेला तर पेटी निर्दोष. दोष केबलीत किंवा तिच्या मागे, मिक्सर-अँपात. तिथेच राहिला तर पेटी उघडायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि तेही दुपारी. रात्री नारळ फुटल्यावर नव्हे. आपल्या समितीची पद्धत वेगळी: सहा जण सहा बटणं एकाच वेळी फिरवतात, आणि आवाज आला की सहाही जण श्रेय घेतात.

दुसऱ्या अंकात ‘सासूबाई’ ऐवजी ‘आऊबाई’ ऐकू आलं. लोक हसले, नटी रडवेली झाली. स, श, च यांची धार पेटीतला छोटा हॉर्न देतो. अँपच्या ताकदीपलीकडे आवाज चढवला की लाटांचे माथे कापले जातात, आणि ते आधी त्या हॉर्नचं नाजूक वेटोळं जाळतात. म्हणजे शब्द कळेना म्हणून आवाज वाढवला, आणि आवाज वाढवला म्हणून शब्द मेला.

रंगमंचावर चार माईक टांगून चारही उघडे ठेवले होते. उघडे माईक दुप्पट केले की शिट्टी तीन डेसिबल आधीच सुरू होते. ती ‘कुई’ राजाच्या मृत्यूच्या प्रवेशात योग्य वेळी वाजली, हे मान्य.

विजेचं एक तेवढं मनाला लागतं. काळी नदीवरच्या 101 मीटर उंच धरणाखाली 50-50 मेगावॅटची दोन यंत्रं फिरतात. त्या पाण्यात मूळ सुपा गाव गेलं, माणसं रामनगरला उठून आली, आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं. एवढी वीज उशाशी घेऊन आपण हॅलोजन, पाळणा, ज्यूसचं यंत्र आणि मिक्सर एकाच बारीक वायरीवर लटकवलेत. पाळणा उचलला की दाब पडायचा आणि नायक अर्ध्या वाक्यात अदृश्य व्हायचा. साउंडची वायर मुख्य बोर्डापासून वेगळी आणावी, एवढंच मागणं. आणि माईकची केबल दिव्यांच्या वायरीला बांधून नेल्याने जी घूं घूं आली, ती घालवायला कुणा जाणकाराने प्लगची अर्थिंगची पिनच उपटून टाकली. गुणगुण थांबली हे खरं. पुढच्या वर्षी माईक धरलेला नायकही थांबला, तर कृपया त्याला अभिनय समजू नये.

एक श्रोतावर्ग मात्र समाधानी आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगत हवा गार आणि वर उबदार असली की आवाज वरून पुन्हा खाली वाकतो आणि दूरवर जाऊन उतरतो. आपल्या दहाव्या रांगेला न मिळालेला संवाद पलीकडच्या वाडीला अंथरुणात मिळाला. काळी व्याघ्र प्रकल्पातल्या धनेशांनाही कथानक कळलं असावं. रात्री दहानंतरच्या परवानगीचा कागद आपण आणलाच असेल, म्हणून त्याविषयी काही विचारत नाही.

जमाखर्चात फ्लेक्स, शाली, नारळ आणि हारतुरे अशा चार ओळी आहेत. केबलीची एकही नाही. पुढच्या वर्षी ती पाचवी ओळ टाकता आली, तर साउंडवाल्या पोराला पहाटेपर्यंत दाताने वायर सोलत बसावं लागणार नाही.

आपला,
मधल्या वाटेवर बसलेला एक वर्गणीदार

ता. क. तिसऱ्या अंकात अध्यक्षकाकांनी पायऱ्यांजवळच्या पेटीवर जोरात थाप मारली, ‘आता कसा खणखणीत येतोय!’ म्हणाले आणि टाळ्या घेतल्या. ती पेटी त्या रात्री कशालाच जोडलेली नव्हती. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून काकांनीच ती दुपारी तिथे ठेवायला लावली होती.