कोलॅबशेठ

कागलच्या गैबी चौकात सकाळी दहाच्या सुमाराला एखादा गडी मिसळीच्या ताटावर मोबाइल धरून, कटावरचा तवंग हलू नये म्हणून श्वास रोखून उभा दिसला, तर ओळखावं की हाच तो. शेजारी मित्र तेवढ्याचसाठी पाव हातात घेऊन बसलेला असतो. "आता बुडीव... थांब! परत बुडीव." चौथ्या बुडवणीला पाव कटात विरघळून जातो आणि मालक दुसऱ्या पावाचे पैसे लावतो. आईवडिलांनी नाव काहीही ठेवलेलं असो, चौकानं त्याचं बारसं परस्पर उरकलंय : कोलॅबशेठ.

२०२० च्या जूनअखेर सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि गावोगावचे कलावंत एका रात्रीत उघड्यावर पडले. आमचा हा त्यांतलाच. उसाच्या सरीत उभा राहून डायलॉग हाणायचा. पंधरवड्याच्या आत इन्स्टाग्रामनं आपल्याकडं रील्स आणले आणि यानं बाडबिस्तरा तिकडं हलवला. नव्या घरात गेल्यावर त्याला कळलं की नुसतं नाचून पोट भरत नसतं, कोलॅब करावं लागतं. ब्रँडनं माल द्यायचा, आपण तोंड द्यायचं. तेव्हापासून त्याच्या प्रोफाइलवर ओळ आहे : 'फूड, ट्रॅव्हल, फॅशन, शेती. कोलॅबसाठी मेसेज करा.' ट्रॅव्हल म्हणजे पन्हाळा. फॅशन म्हणजे पन्हाळ्यावर घातलेला गॉगल.

मेसेज कोणी करत नाही म्हटल्यावर तो स्वतःच करतो. रात्री जेवणं उरकली की गच्चीवर बसून कंपन्यांना पत्रं धाडायची. मजकूर सगळ्यांना एकच, फक्त वस्तू बदलायची. ती एकदा बदलायची राहिली आणि एका शाम्पूवाल्याला 'तुमचे टायर मी लहानपणापासून वापरतो' असं गेलं. सोबत मीडिया किट असतं. त्यात राहण्याचं ठिकाण 'कागल, फाइव्ह स्टार' असं छापलंय. तसं यात खोटं काही नाही. कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहत सरकारी कागदावर पंचतारांकितच आहे. कंपनीच्या मुंबईतल्या मॅनेजर बाईंना त्यातनं पोहण्याचा तलाव दिसला, तर तो बिचारा काय करणार?

त्याच किटात पूर्वी 'राजर्षी शाहूंच्या जन्मगावचा क्रिएटर' अशीही ओळ होती. एका निवृत्त गुरुजींनी त्याला भर बाजारात थांबवलं. "महाराज कागलच्या घाटग्यांचे, हे बरोबर. पण जन्म कसबा बावड्याचा, लक्ष्मी विलास पॅलेसमधला. २६ जून १८७४. खोड ते." त्यानं खोडलं. मुंबईच्या इन्फ्लुएन्सरला असले गुरुजी भेटत नाहीत. याचा प्रेक्षक मात्र याच्या घराच्या वाटेवरच राहतो आणि गचांडी धरायला त्याला इंटरनेट लागत नाही.

अखेर एका कंपनीचं उत्तर आलं. पैसे नाहीत, बार्टर. बारा फेसवॉश घरपोच. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, खोकं उघडून बघितलं.

"पगार किती म्हणायचा?"

"तात्या, ह्योच पगार."

"आमच्या चुलत्याला सुगीला पेंड्या मिळायच्या. त्या बैल तरी खायचा."

आईनं काही न बोलता एक बाटली उचलली आणि तांब्याची कळशी घासून बघितली. निघाली नाही. खरं परीक्षण तेवढंच झालं, पण रीलमध्ये आलं नाही. रीलमध्ये हा तोंडाला फेस लावून "नाद खुळा रिझल्ट भावांनो" म्हणत होता. खाली अठ्ठावीस हॅशटॅग आणि त्यांच्या गर्दीत कुठंतरी, उरसात चुकलेल्या पोरासारखा, 'ॲड' हा शब्द.

पुतणी कोल्हापूरला वकिली शिकते. तिनं सुट्टीत येऊन खटला चालवला. "काका, २० जानेवारी २०२३ ला ग्राहक व्यवहार विभागानं नियमावली काढलीय. फुकटचा माल घेतला तरी सांगावं लागतं. ते हॅशटॅगच्या ढिगात दडवायचं नाही. व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच दाखवायचं आणि बोलतोयस त्याच भाषेत. ग्राहकाची दिशाभूल झाली तर दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलंस तर पन्नास." शेठनं उरलेल्या अकरा बाटल्यांकडं बघितलं. "आणि महागडा मोबाइल वगैरे देऊन ठेवला कुणी, तर २०२२ च्या जुलैपासून वर्षाला वीस हजारांवरच्या भेटीला दहा टक्के टीडीएस आहे. वापरून परत केलास तर नाही." परत करायची वेळ यावी असा मोबाइल आपल्याला कोण देतोय, या कल्पनेनंच शेठ चार दिवस खुशीत होता.

२०२५ च्या जूनमध्ये त्याला वाटलं, आता आपले दिवस आले. इटलीच्या प्राडानं मिलानच्या रॅम्पवर थेट कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला चालवल्या आणि कोल्हापूरचं नाव काढलं नाही. बोंबाबोंब झाली. शेठनं पायतान हातात घेऊन रीलवर रील केले आणि शेवटी प्राडालाही कोलॅबचा मेसेज टाकला. बोंबाबोंबीनंतर कंपनीनं प्रेरणा इथलीच असल्याचं कबूल केलं. डिसेंबरात महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला. दोन हजार जोड, जोडी सुमारे आठशे युरोला. हे वाचून शेठ हिरमुसला. कोलॅब झालं, पण चपलेचं.

चौकातल्या एका जाणत्यानं त्याची समजूत घातली. "बाबा, त्या चपलेनं कुणाला मेसेज टाकला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या पाय चावत-चावत नाव कमावलं. २०१९ ला महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार अशा आठ जिल्ह्यांच्या नावावर जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, शिक्का घेतला. म्हणून दुनियेला उत्तर द्यावं लागलं. तुझ्या नावावर काय हाय?"

नावावर काय आहे, ते त्याला एका कडबाकुट्टी विकणाऱ्यानं दाखवलं. दुकानदारानं शेठचा मोबाइल घेतला, फॉलोअरच्या आकड्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. "तुझं बघत्यात कोण, कुठलं, त्ये दाव." इनसाइट्स उघडले. कागल, निपाणी, मुरगूड, गडहिंग्लज. शेठ लाजला, मुंबई-पुणे खाली कुठंतरी होतं. दुकानदार मात्र खुलला. "मुंबईचं लाख घिऊन काय करू? फ्लॅटात म्हशी बांधत्यात व्हय? मला मुरगूडचं पाचशे दे."

व्यवहार ठरला. रील किती, पैसे कधी, व्हिडिओ दुकानदारानं किती दिवस वापरायचा, सगळं पुतणीनं कागदावर लिहून घेतलं. शेठनं या वेळी गॉगल काढून ठेवला. गोठ्यात उभा राहून सुरुवातीलाच मराठीत ठणकावून म्हणाला, "ही जाहिरात हाय, मला पैसं मिळाल्यात." मग ओला कडबा घातला, वाळका घातला, मशीन ओल्याला अडकली तेही ठेवलं आणि पातं कसं सोडवायचं ते दाखवलं. खाली प्रतिक्रिया आल्या त्या बदामाच्या नव्हेत, प्रश्नांच्या : मोटर किती एचपीची? सिंगल फेजवर चालतेय का? पात्याला धार कुठं मिळते? शेठनं एकेकाला उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात माणसं मोबाइल पुढं करून "ही व्हय?" विचारत आली. अडकलेली मशीन दाखवणारा पोरगा बाकीचंही खरंच सांगत असणार, असा साधा हिशोब त्यांनी मांडला होता.

शेठ आता चौकात जरा सरळ चालतो. त्याच्या नावाचा सवलतीचा कोडही निघालाय. तो सांगितला की मशीनमागं पाचशे रुपये कमी. घरी तात्यांनाही मशीन घ्यायचीच होती. शेठनं ऐटीत कोड लिहून दिला. तात्या संध्याकाळी टेम्पोत मशीन टाकून आले.

"कोड चालला का तात्या?"

"काढलाच न्हाई खिशातनं. दुकानदार तुझ्या आईच्या माहेरचा निघाला की. बसलो, च्या प्यालो, आठशे कमी केलं."