आत्म्याचा फेरफार

शेतजमिनीचे हस्तांतरण झाले म्हणजे तलाठ्याच्या दप्तरी फेरफाराची नोंद होते, हरकती मागविल्या जातात, आणि मुदतीत कोणी तकरार रुजू न केल्यास नवा धनी सातबाऱ्यावर चढतो. परंतु आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात गेला असता नोंद कोणत्या दप्तरी व्हावी, याविषयी महसूल खात्याने आजवर पाळलेल्या मौनाची भरपाई माझा भाचा आणि त्याचे स्नेही रात्री जागून करीत आहेत.

प्रकरण ‘एल्डन रिंग’ या जपानी गेममधले. २०२२ साली आलेल्या या गेमचा पौराणिक पूर्वेतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचला. (त्यांच्या कादंबरीमालेचे वाचक २०११पासून पुढच्या खंडाची वाट पाहत आहेत, तो का रखडला, याचे एक उत्तर येथे सापडावे.) या इतिहासात एका रात्री गॉडविन नामक राजपुत्राचा आत्मा तेवढा मारला जातो आणि देह उरतो, तर रानी नामक राजकन्या आपला देह टाकून आत्मा एका बाहुलीत नेऊन ठेवते. बेवारस देह कोठे पडला आहे असे कळले की आपल्या गावातही अर्ज करणारे उभे राहतात; मग एका किल्ल्यातले भूत सूर्यग्रहणाची आळवणी करताना आढळल्यावर भाच्यासारखे भाष्यकार स्वस्थ कसे बसावेत? ग्रहण लागेल, मिकेला हा बालदेव गॉडविनच्या देहात पुनश्च आत्मा आणील, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि दोन वर्षे त्याची राखण केली.

जून २०२४ मध्ये ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ हा पुढला भाग आला आणि निकाल भलताच लागला. मिकेलाने सहचर म्हणून निवडला तो गॉडविन नव्हे, राडान. आत्मा राडानचा, देह मोहग या तिसऱ्याच इसमाचा. त्यातही खुबी अशी, की या दोघांना अगोदर स्वहस्ते ठार मारल्यावाचून खेळणाऱ्यास नव्या भागात पाऊलच टाकता येत नाही, म्हणजे या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून नकळत सही झाली ती त्याचीच. शंकराचार्य अमरुक राजाच्या मृत देहात शिरले तेव्हा आपला मूळ देह सांभाळण्याची ताकीद शिष्यांना देऊन गेले, अशी कथा आहे. तो मुदतीचा, परतीच्या बोलीचा व्यवहार होता. मोहगच्या देहाबाबत अशी काही बोली झाल्याचे दिसत नाही. त्याच्या एका वृद्ध सेवकाने तेवढी धन्याच्या देहाच्या विटंबनेची फिर्याद मांडली.

भाष्यकारांनी निकाल नामंजूर केला. “मामा, लिहिणाऱ्यांनी आपलंच लोर, म्हणजे गेमचं पुराण, नीट वाचलेलं नाही,” असे भाच्याने मला गंभीरपणे सांगितले. पाठोपाठ त्यांच्यात दोन तट पडले. हा मिकेला देवत्वाच्या वाटेवर आपला देह, आपले प्रेमसुद्धा एकेक करून टाकीत जातो आणि टाकल्या जागी क्रूस उभे राहतात. तेव्हा प्रेम टाकल्यामुळे तो भ्रष्ट झाला, की इतरांची मने वश करण्याची विद्या जवळ बाळगणारा देव मुळातच भ्रष्ट होता, हा तो वाद. वशीकरण झालेल्याची साक्ष ग्राह्य धरावी काय, या मुद्द्यावर तो तहकूब आहे.

हा काही पहिला दावा नव्हे. ‘एल्डन रिंग’ काढणाऱ्या कंपनीच्याच २०११च्या ‘डार्क सोल्स’मध्ये ग्विन या सूर्याधिपतीचा ज्येष्ठ पुत्र देवपदावरून बडतर्फ होऊन बखरीतून खोडलेला आहे. तो पुत्र म्हणजे सूर्यभक्त सोलेर, असा कौल अनेकांनी दिला होता. काहींनी आंद्रे लोहाराची दाढी आणि छाती पाहून त्यास गादीवर बसविले. २०१६ साली तिसऱ्या भागात खरा वारस निनावी राजाच्या रूपाने हजर झाला, तेव्हा कोणत्याही पक्षाने माघारीचा अर्ज दिल्याचे ऐकिवात नाही. त्याच पहिल्या गेममध्ये आरंभी भेट म्हणून एक लोलक घेता येतो. त्याचा काही उपयोग नाही, असे त्याच्या वर्णनातच स्वच्छ लिहिलेले असता, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतीत त्याची शिफारस केली, लोकांनी तो दारोदार, थडग्याथडग्यावर नेऊन पाहिला, आणि पुढे मियाझाकींनी ती थट्टा होती असे कबूल केले. भाच्याच्या मते ही कबुलीच संशयास्पद आहे.

हेच मियाझाकी लहानपणी ग्रंथालयातून इंग्रजी अद्भुतकथा आणीत, अर्धेअधिक उमगत नसे, आणि चित्रे पाहून उरलेली कथा मनाने पुरी करीत. आता ते जाणूनबुजून अर्धेअधिक लिहीतच नाहीत.

परवा भाच्याला मी जरा सुनावले: तलवारीखालच्या दोन ओळींच्या मजकुरावरून देवादिकांच्या वंशावळी लावणे हा काय उद्योग? त्याने ऐकून घेतले. मग त्याची नजर माझ्या मेजावरील त्या कसर लागलेल्या मोडी कागदाकडे वळली, ज्यात कसरीने नेमके सही करणाऱ्याचे नाव खाल्ले आहे आणि ते कोणाचे, याबद्दल एका सद्गृहस्थांशी माझे अकरा वर्षे बोलणे नाही.

“मामा, भोकाच्या आकारावरून अक्षरं किती बसतात, मोजलंत?”

“साडेतीन,” मी म्हणालो, आणि भिंग काढले.