भिंतीवरची तक्रार

उल्हासनगरात पत्ता सांगायचा म्हणजे आकडे सांगायचे. कॅम्प नंबर चार, ओ.टी. सेक्शन, बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती, फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी कुटुंबं आली, ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला नवं गोंडस नावही मिळालं. पण रिक्षावाल्याला अजून आकडाच लागतो. 'सेक्शन सतरा' म्हटल्यावर पाहुणा गांगरतो आणि रिक्षावाला मीटरऐवजी स्वतःच्या मनातलं भाडं सांगतो. अशा गावात एसीच्या डबीवर 'ई-४' उमटलं तर कोणाचं काय बिघडावं? तरी बिघडतं. आमच्या पतपेढीत तर कामकाजच थांबतं.

ही डबी भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी. कागदोपत्री ती थर्मोस्टॅट. छतातले चार तोंडांचे कॅसेट एसी तिच्या हुकमात, आणि ती कोणाच्या हुकमात, हा वादाचा विषय. तिच्यावर सूर्याचं चित्र असलेला हीट मोडही आहे. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात हीट मोड कशाला हवा, हे कंपनीला विचारायला हवं; इथे एप्रिलमध्ये ती सोय आकाशातून फुकट होते. पण बटण असलं की दाबणारा निघतोच. मग 'एसी गरम हवा फेकतोय' म्हणून फोन जातो, मेकॅनिक येतो, सूर्य घालवून हिमकण आणतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो.

खरा कोड आला की पहिला उपचार शिपायाचा. तो एमसीबी खाली पाडतो, देवाचं नाव घेतो आणि वर करतो. बऱ्याचदा गुणही येतो. मेकॅनिक मात्र यावर जाम चिडतो. "बंद कशाला केला, काका? कोड दिसू द्यायचा ना मला!" त्याचंही बरोबर आहे. डॉक्टर दारात पोचेपर्यंत आपण ताप उतरवून बसलो, तर त्याने नाडी कशाची बघायची?

बरं, कोडांमध्ये एकवाक्यता म्हणाल तर तीही नाही. घरातल्या युनिटचं आणि बाहेरच्या युनिटचं बोलणं तुटलं, की डायकिनवाले 'यू-४' दाखवतात आणि एलजीवाले 'सीएच-०५'. भांडण तेच, फक्त माहेर वेगळं. आमच्या मेकॅनिकच्या मोबाइलमध्ये सगळ्या कंपन्यांचे तक्ते आहेत, पण बोलणं तुटल्याचा कोड दिसला की तो तक्ता उघडत नाही. आधी विचारतो, "उंदीर आहेत का?" या शहरात उंदीर आहेत का! तो टॉर्च घेऊन फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घालतो आणि कुरतडलेली वायर हातात घेऊन खाली येतो. बाहेरच्या पीसीबीवर पाल चिकटून मेली असेल, तरी कोड बिचारा बोलणं तुटल्याचाच येतो. पालीसाठी वेगळा कोड अजून कोणत्याही कंपनीने काढलेला नाही. त्यांच्या इंजिनिअरांनी एक पावसाळा आमच्याकडे काढावा, लगेच काढतील.

म्हणजे डबी खोटं बोलत नाही, पण ज्याच्या अंगात दुखतंय त्याचंच नाव सांगते. दुखवलं कोणी, ते तुम्ही शोधा. हा तिचा जन्मजात स्वभाव. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक होते. शाळेचा शिपाई वर्गावर्गात शिरून थंडी किती ते बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीच्या गरम हवेच्या झडपा कमीजास्त करायचा. शिकवण्यात हा व्यत्यय नको म्हणून जॉन्सनसाहेबांनी १८८३मध्ये एका उपकरणाचं, या डबीच्या पूर्वजाचं, पेटंट घेतलं. ते स्वतः काही गरम करत नव्हतं की गार करत नव्हतं. खोलीचं तापमान बदललं की तळघरात घंटा वाजवायचं, एवढंच. झडप हलवायला शिपाई होताच. एकशे चाळीसहून जास्त वर्षं झाली, तक्रार डबीची आणि धावपळ शिपायाची, ही वाटणी आमच्याकडे तरी कायम आहे.

सेन्सरचा कोड आला तेव्हाचं काम मात्र मी खुर्ची ओढून पाहिलं. मेकॅनिकने जाळी काढली, कॉइलजवळून काळ्या वायरीच्या टोकाला असलेला, तांब्याची टोपी घातलेला शेंगदाण्याएवढा जिन्नस ओढून काढला. मल्टिमीटर लावला, मग सेन्सर मुठीत धरून शांत उभा राहिला. मीटरवरचा आकडा हळूहळू उतरू लागला. पंचवीस अंशांना दहा किलो-ओहम, आणि ऊब वाढेल तसा रोध कमी, असा त्या जातीच्या सेन्सरचा हिशेब. "हा जिवंत आहे, साहेब," तो म्हणाला, "प्लग सैल झालाय." त्याने प्लग काढून फुंकर मारली, पुन्हा दाबून बसवला. फुंकरीचे पैसे घेतले नाहीत, हे नमूद करायला हवं.

माणसांच्या तक्रारीला अशी मूठ चालत नाही. कॅशियर मॅडमच्या बरोबर डोक्यावर एक तोंड येतं, म्हणून त्या मे महिन्यात शाल घेऊन बसतात. कर्जविभागाला त्याच हवेत घाम फुटतो. एक मत सव्वीसचं, एक एकोणीसचं. सरकारने १ जानेवारी २०२०पासून नव्या रूम एसींना मूळ सेटिंग चोवीसचं ठरवून दिलं, तो सुवर्णमध्य दोन्ही पक्षांना सारखाच अमान्य आहे. डेन्मार्कच्या फांगर नावाच्या शास्त्रज्ञांनी माणसांना खोलीत बसवून, कपडे, हालचाल, वारा, आर्द्रता सगळं धरून गणित मांडलं, आणि निष्कर्ष असा निघाला की सगळं अगदी जमून आलं तरी शंभरातले पाच जण नाराज राहणारच. आमचा स्टाफ पंधराचा. गणिताप्रमाणे पाऊण माणूस नाराज असायला हवा. कॅशियर मॅडम एकट्या तो कोटा भरून वर उधारी ठेवतात.

गारवा म्हणजे सुख, असंही इथे सरळ म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये एसी लोकलविरुद्ध बदलापूर स्टेशनात लोक उतरले होते. गारव्यावर कोणाचा राग नव्हता. नेहमीची साधी गाडी काढून तिच्या जागी महागड्या तिकिटाची गाडी आली, हा राग होता. मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. आणि अंबरनाथच्या शिवमंदिरात, १०६०च्या सुमाराच्या शिलाहारांच्या बांधकामात, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की उन्हाळ्यातही अंगावरचा तापलेला दिवस गळून पडतो. तिथे डबी नाही, म्हणून वादही नाही. त्याच देवळाजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरात येईपर्यंत मात्र अशी होते की तिच्या काठच्या एसीत गॅस टिकत नाही, असं मेकॅनिक मंडळी छातीठोकपणे सांगतात. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याच्या नळ्या काळ्या करून पोखरतो. डबीवर कोड येतो गॅस कमी झाल्याचा. नदीचा कोड तिच्याकडे कुठला असायला?

यंदा मात्र आमच्या डबीने कमाल केली. भर दुपारी हाय प्रेशरचा कोड. मेकॅनिक आला, जाळी काढून टेबलावर ठेवली; फिल्टर साफ, गॅस ठीक, पंखा फिरतोय. शेवटी रस्त्यावर जाऊन त्याने वर पाहिलं. आमच्या सगळ्या आउटडोर युनिटांवर, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका स्थानिक भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर. भाऊ हात जोडून हसत होते आणि मागे युनिटांची गरम हवा कोंडून कॉम्प्रेसर गुदमरत होते.

"बॅनर उतरवा," मेकॅनिक म्हणाला.

"तू उतरव," मॅनेजर म्हणाले.

बराच वेळ कोणीच काही उतरवलं नाही. मग मेकॅनिकलाच आठवलं की वाऱ्याने फाटू नयेत म्हणून मोठ्या बॅनरना चिरा देतात. तो शिडी लावून चढला आणि प्रत्येक पंख्यासमोर अर्धवर्तुळाकार चिरा दिल्या. दोन चिरा भाऊंच्या छातीवर आल्या, एक शुभेच्छुकांच्या रांगेत. तेवढ्यात खाली दोन कार्यकर्ते बाइक लावून उभे राहिले.

"काय चाललंय रे?"

"हवा पास व्हायला पाहिजे, दादा. नाहीतर बॅनर फाटेल."

त्यांनी नीट निरखून पाहिलं, मान डोलावली, आणि पुढच्या चौकातल्या बॅनरलाही तशाच चिरा मारून दे म्हणून त्याला बाइकवर मधे बसवून घेऊन गेले. जाळी आमच्या टेबलावरच राहिली. कोड गेला होता. मॅडमनी शाल घेतली.