सतरा किलोंच्या सॅकसम्राटास खुले पत्र

सॅकसम्राट, ट्रेकभूषण मित्रवर्य यांसी,


पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण ट्रेकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तू परतीच्या गाडीतच बाहेर पडलास.

सार पासला निघण्याआधी महिनाभर मी सामानाची यादी पाठवत होतो. तुझं उत्तर ठरलेलं : ‘काय भो, निफाडची थंडी काढलेली माणसं आपण. कळसूबाई अडीच तासांत मारतो.’ मारतोस, मान्य. कळसूबाई १६४६ मीटर. आपण चालायला सुरुवात केली ते पार्वती नदीकाठचं कसोल गावच जवळपास तेवढ्या उंचीवर आहे. म्हणजे तुझा पराक्रम जिथं संपतो, तिथं बाकीचे लोक बसमधून उतरून चहा पितात.

नाशिकरोडच्या फलाटावर पंजाब मेलची वाट बघताना मी तुझी सॅक जरा बाजूला सरकवायला गेलो. सरकली नाही. सतरा किलो! आत तीन जीन्स, टर्किश टॉवेल, ब्लूटूथ स्पीकर, दाढीचं अख्खं दुकान आणि स्टीलच्या डब्यात दोन किलो चिवडा. चिवड्याबद्दल तक्रार नाही, चिवडा उत्तम होता. पण तो डबा सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, म्हणजे पाठीपासून होईल तितका लांब. दर पावलाला तो तुला मागे ओढत होता आणि तू मात्र चढाला शिव्या देत होतास. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवायची, स्लीपिंग बॅग तळाला, आणि कंबरपट्टा आवळायचा, म्हणजे ओझं खांद्यांवरून कमरेवर उतरतं. तुझा कंबरपट्टा शेवटपर्यंत मागे लोंबत होता, बैलाच्या झुलीच्या गोंड्यासारखा.

बुटांचं काय सांगू? कोरे करकरीत, गाडीतच खोक्यातून काढलेस. महिनाभर रोज पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर झिजवले असतेस तर पायांचे फोड घरच्या घरी आटोपले असते.

पहिल्या मुक्कामाच्या गावाचं नाव ग्रहण. लागलं आम्हाला. त्या चढावर तू बसलास आणि आम्ही चौघांनी तुझं सामान वाटून घेतलं. स्पीकर माझ्या वाट्याला आला. पुढे ४२०० मीटरच्या आसपास, जिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांवर येतो, तिथंही तो मीच वाहिला. वाजला एकदाही नाही.

आणि या सतरा किलोंत थंडीसाठी काय होतं? बुलेटवर घालायचं एक चामडी जॅकेट. हजार मीटर चढलं की पारा सरासरी साडेसहा अंशांनी उतरतो. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे निव्वळ उंचीच्या हिशेबानं तेवीस अंशांचा फरक, वारा वेगळा. म्हणून तीन थर लागतात. अंगाला लागून घाम बाहेर टाकणारा, त्यावर फ्लीस, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारा. खरी ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. चढताना एक थर उतरवायचा, थांबलं की चढवायचा. एकच जाड जॅकेट म्हणजे रेग्युलेटर नसलेला पंखा. तू चढताना घामानं भिजायचास आणि थांबलास की त्याच घामात गारठायचास.

नगारूच्या मुक्कामाला चढताना गारा आल्या. तुझी जीन्स भिजली. सुती कापड ओलं झालं की त्यातल्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या चोवीसपट वेगानं ऊब ओढून नेतं. बाकीच्या दोन जीन्स सॅकमध्येच भिजल्या होत्या, कारण सॅकला आतून प्लास्टिकची मोठी पिशवी लावायची असते, हे हरिहरच्या पावसात दहा वेळा भिजूनही तुला सुचलं नाही. रात्री तू ती जीन्स तंबूच्या दोरीवर वाळत घातलीस. बर्फ टणक असतानाच निघायचं म्हणून आपण पहाटे तीनला उठलो. जीन्स दोरीवरून काढली तर ती जमिनीवर उभी राहिली. आत माणूस नसताना, स्वतःच्या पायांवर. तिच्यापेक्षा तू जास्त थरथरत होतास.

मोबाइलचा टॉर्चही गेला होता. थंडीत बॅटरी मान टाकते म्हणून आम्ही मोबाइल आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगेत कुशीत घेऊन झोपलो, तेव्हा तू केवढा हसला होतास!

मग काय, माझी जादा ट्रॅकपँट तुझ्या अंगावर, माझा फ्लीस तुझ्या अंगावर आणि माझी बॅटरी तुझ्या कपाळावर. खिंडीपलीकडच्या बर्फाच्या उतारावर तू माझ्या ट्रॅकपँटवर बसून ‘हर हर महादेव’ करत घसरत गेलास. त्याच फोटोला तुला तीनशे लाइक मिळाले. खाली लिहिलं होतंस : ‘कमी सामान, जास्त समाधान’.

ट्रॅकपँट परत करू नकोस. तिची बैठक त्या उतारावरच राहिली आहे. फ्लीस मात्र हवाय. धुतला असशील तर इस्त्री करू नकोस, वितळतो. तुझा चिवड्याचा डबा माझ्याकडे आहे. रविवारी फ्लीस घेऊन ये आणि डबा घेऊन जा.

तुझाच,
स्पीकरवाला हमाल